कॅप्टनला सांगणार कोण?

तारीख २० ऑक्टोबर १९७८. ठिकाण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा चेसापीक उपसागर. हवा स्वच्छ, पाणी शांत, वादळवाऱ्याचा मागमूस नाही. रात्रीचे नऊ वाजायला आलेले. अमेरिकन कोस्ट गार्डचं 'कायाहोगा' हे सव्वाशे फुटी जहाज उत्तरेच्या दिशेनं चाललं होतं. जहाजाचं वय पन्नाशीच्या पुढे, पण काम तरुणांना शिकवण्याचं. भावी अधिकारी या जहाजावर समुद्राचे पहिले धडे गिरवायचे. त्या रात्री जहाजावर २९ माणसं होती.

समोर दूरवर दुसऱ्या एका जहाजाचे दिवे दिसले. रडारवरही एक ठिपका उमटला. कॅप्टननं पाहिलं, त्याला दोन दिवे दिसले. त्यानं अंदाज बांधला, ही छोटी मासेमारी बोट असावी आणि आपल्याच दिशेनं पुढे चालली असावी. अंतर फार भराभर कमी होत होतं, पण त्यावरही त्याच्याकडे उत्तर तयार होतं. बोट अगदीच संथ असणार, म्हणून आपण तिला गाठतो आहोत! एकदा डोक्यात चित्र पक्कं बसलं की समोर येणारी प्रत्येक गोष्ट त्या चित्रात बरोबर बसवून घेता येते. माणसाच्या मेंदूची ही खोड जुनीच.

प्रत्यक्षात समोरून येत होतं 'सांताक्रूझ टू' हे अर्जेंटिनाचं अजस्र मालवाहू जहाज, लांबी पाचशे फुटांच्या वर. ते कायाहोगाच्या पुढे चाललेलं नव्हतं, थेट तिच्या दिशेनं येत होतं. आणि या सगळ्या प्रकरणातली जिवाला चटका लावणारी गोष्ट अशी, की कायाहोगावरच्या दुसऱ्या एका जबाबदार माणसाला दोन नव्हे, तीन दिवे दिसले होते. त्यानं बरोबर ओळखलं होतं की जहाज समोरून येतंय. पण तो बोलला नाही. कॅप्टन स्वतः उभे आहेत, त्यांनीही पाहिलंय, त्यांना माहीत असणारच! टेहळणीवरच्या खलाशानंही जहाज दिसल्याची वर्दी आधीच दिली होती. जहाज जवळ आलं तेव्हा तोही गप्प राहिला. कॅप्टनना ठाऊक आहे, मग पुन्हा कशाला सांगायचं?

पोटोमॅक नदीचं मुख जवळ आलं. आपल्या जहाजामुळे त्या 'मासेमारी बोटी'ला वळायला जागा उरणार नाही, असं वाटून कॅप्टननं डावीकडे वळण्याचा हुकूम दिला. भल्या हेतूनं दिलेला हा हुकूम कायाहोगाला सरळ सांताक्रूझच्या नाकासमोर घेऊन गेला. धडक बसली आणि दोनेक मिनिटांत जहाज तळाशी गेलं. ११ जण बुडाले. उरलेल्या १८ जणांना सांताक्रूझनंच पाण्यातून उचललं.

इंजिन बिघडलं नव्हतं, रडार चालू होतं, हवा छान होती. माणसंही काही नवखी नव्हती. बुडवलं ते एका वाक्यानं. 'साहेबांना माहीत असेल.' हे वाक्य आपल्याकडे तर कचेरीकचेरीत, कारखान्या-कारखान्यात रोज शंभर वेळा उच्चारलं जातं. फरक एवढाच, की तिथे फार तर फाइल बुडते.

या धक्क्यातून कोस्ट गार्ड सावरतं न सावरतं तोच दुसरा घाव बसला. २८ जानेवारी १९८० रोजी फ्लोरिडातल्या टँपा उपसागरात 'ब्लॅकथॉर्न' हे १८० फुटी जहाज दुरुस्ती आटोपून बंदराबाहेर निघालं होतं. समुद्रातले खुणेचे बोये ठेवणं, काढणं, दुरुस्त करणं हे त्याचं काम. रात्रीचे आठ वाजून गेलेले. मागून 'कझाकस्तान' हे रशियन प्रवासी जहाज आलं, लखलखीत दिव्यांनी न्हालेलं. ब्लॅकथॉर्ननं बाजूला होऊन त्याला वाट दिली. ते पुढे गेलं, पण त्याच्या झगझगाटापायी समोरून येणारं 'कॅप्रिकॉर्न' हे तेलवाहू जहाज आणि ब्लॅकथॉर्न एकमेकांना वेळेत नीट दिसले नाहीत. त्यात ब्लॅकथॉर्न आपली उजवी बाजू सोडून खाडीमार्गाच्या मध्याकडे सरकलेलं.

टक्कर झाली ती वरवर पाहता जीवघेणी नव्हती. पण कॅप्रिकॉर्नचा नांगर ब्लॅकथॉर्नच्या कुशीत रुतला. जहाजं एकमेकांपासून दूर जाऊ लागली तशी नांगराची साखळी ताणली गेली आणि त्या साखळीनं ब्लॅकथॉर्नला अक्षरशः ओढून पालथं केलं. ५० पैकी २३ जण गेले. शांततेच्या काळात अमेरिकन कोस्ट गार्डवर ओढवलेली ही सर्वात मोठी आपत्ती.

त्या रात्री विल्यम फ्लोरेस नावाचा अवघा १८ वर्षांचा खलाशी जहाजावर होता. त्यानं लाइफ जॅकेटांच्या पेटीचं झाकण स्वतःच्या कमरेच्या पट्ट्यानं उघडं बांधून ठेवलं. जहाज उलटल्यावर जॅकेटं आपोआप वर तरंगत यावीत म्हणून! ती आली, बुडणाऱ्यांच्या हाती लागली. फ्लोरेस मात्र वर आला नाही. वीस वर्षांनी, २००० साली, त्याला मरणोत्तर पदक मिळालं आणि पुढे कोस्ट गार्डच्या एका जहाजाला त्याचं नाव दिलं गेलं. त्याच्या हाती कसलाही हुद्दा नव्हता. जहाजावरचा तो सगळ्यात धाकट्यांपैकी एक. नेतृत्व म्हणजे काय यावर पुढे बरीच पुस्तकं लिहिली गेली, पण या पट्ट्याची गोष्ट सांगितल्याशिवाय कोस्ट गार्डमध्ये तो विषय पुरा होत नाही.

या अपघाताच्या चौकशीत निघालेला निष्कर्ष कायाहोगाच्या नेमका उलट होता. कायाहोगावर कॅप्टननं सगळं आपल्याच डोक्यात ठेवलं, ब्लॅकथॉर्नवर कॅप्टननं जहाज एका अननुभवी तरुण अधिकाऱ्याच्या हाती दिलं आणि त्याच्यावर पुरेशी नजर ठेवली नाही, असा ठपका राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं ठेवला. म्हणजे सगळं हातात ठेवलं तरी जहाज बुडतं आणि सोडून दिलं तरी बुडतं. मग कॅप्टननं करायचं तरी काय? शिकू द्यायचं तर चुकू द्यावं लागतं. पण कुठवर चुकू द्यायचं? सून पहिल्यांदा पुरणपोळी लाटते तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या सासूलाही हाच प्रश्न पडतो. तिथे फार तर पोळी फाटते, हा भाग वेगळा.

प्रश्न खरा म्हणजे शाळेत शिकवण्यासारखा नव्हे. पण कोस्ट गार्डनं तो शिकवायचं ठरवलं. कनेक्टिकट राज्यातल्या न्यू लंडनला त्यांची अकादमी १८७६ पासूनच्या परंपरेची आहे. तिथेच पुढे जहाजांचे भावी कॅप्टन आणि त्यांचे दुय्यम अधिकारी यांच्यासाठी खास अभ्यासक्रम आले. नेमणूक होण्यापूर्वी इथे यायचं, जहाजाच्या ब्रिजची हुबेहूब नक्कल असलेल्या खोलीत उभं राहायचं आणि पडद्यावरच्या धुक्यात, अंधारात, गर्दीच्या खाडीत जहाज चालवून दाखवायचं. चुकलात तर कुणी बुडत नाही. पण चूक कुठे झाली यावर सगळ्यांसमोर चर्चा होते, आणि ज्यांनी ती भोगली आहे त्यांच्या मते हे बुडण्याहून फारसं सोपं नसतं!

या सगळ्याला कागदावर उतरवताना कोस्ट गार्डनं नेतृत्वाच्या २८ क्षमतांची यादी केली. स्वतःला सांभाळणं, इतरांना सांभाळणं, काम आणि बदल पुढे नेणं आणि संपूर्ण दल पुढे नेणं, असे तिचे चार भाग. यादीत निर्णयशक्ती आहे, संवाद आहे, माणसांची काळजी आहे, पैशांचा हिशेबसुद्धा आहे. सरकारी यादी म्हटली की असायचं ते सगळं आहे. ती पूर्ण वाचायची म्हणजे जांभई अटळ. पण पहिल्याच भागात एक गोष्ट अशी आहे की तिथे थबकायला होतं. चांगला अनुयायी असणं, ही नेत्याची क्षमता म्हणून तिथे नोंदवली आहे! हुकूम पाळणं एवढाच तिचा अर्थ नाही. वरिष्ठ चुकत असेल तर वेळेवर, आदबीनं, पण ऐकू जाईल इतक्या स्पष्ट शब्दांत ते सांगणं हाही तिचाच भाग. कायाहोगावर तीन दिवे ज्याला दिसले त्याच्याकडे नेमकं हेच नव्हतं. किंवा असेलही, पण ते वापरायची मुभा आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि ती मुभा देणारा माणूस एकच, खुद्द कॅप्टन.

म्हणून शिकवणीचा बराच भाग कॅप्टनच्या जिभेपेक्षा कानांवर आहे. एखाद्या पोरसवदा अधिकाऱ्यानं धीर करून 'सर, मला वेगळं दिसतंय' म्हटलं आणि कॅप्टन खेकसला, तर पुढच्या वेळी तो पोरगा तोंड उघडणार नाही. एकदाच खेकसणं पुरतं. जहाजावर बातमी पसरायला वेळ लागत नाही.

गंमत म्हणजे हा धडा या दलाच्या जन्माइतकाच जुना आहे. १७९० साली अमेरिकेनं जकात चुकवणाऱ्यांना आळा घालण्यासाठी दहा जहाजं बांधायला मंजुरी दिली. तीच आजच्या कोस्ट गार्डची सुरुवात. त्यावेळचे अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी ४ जून १७९१ रोजी या जहाजांच्या कॅप्टनना एक लांबलचक पत्र धाडलं. त्यात जकातीचे नियम होतेच, पण त्याबरोबर बजावलं होतं, की ज्यांची जहाजं तुम्ही अडवणार आहात ते स्वतंत्र देशाचे नागरिक आहेत, त्यांना अरेरावी खपणार नाही, तेव्हा वागण्यात उर्मटपणाचा लवलेशही नको. जकात खात्यातल्या माणसाला नम्रतेचा उपदेश! सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी अकादमीतल्या मुलांना हे पत्र अभ्यासावं लागतं.

अकादमीतली मुलं उन्हाळ्यात 'ईगल' या शिडाच्या जहाजावर जातात. हे जहाज १९३६ साली जर्मनीत बांधलं गेलं, दुसऱ्या महायुद्धानंतर नुकसानभरपाईत अमेरिकेच्या पदरी पडलं. इंजिनाच्या, उपग्रहांच्या काळात शिडं कशासाठी? तर शिडाचा दोर एकट्यानं ओढता येत नाही म्हणून. दहाजणांनी एका वेळी, एका तालात ओढलं तरच ते हलतं. पहिल्या वर्षी दोर ओढायचा, काही वर्षांनी ओढणाऱ्यांना हुकूम द्यायचा. दोर ओढून ज्याचे तळहात सोलवटून निघाले आहेत, त्याच्या हुकुमात आपोआपच थोडी माणुसकी येते. आपल्या कोळीवाड्यातला तांडेलसुद्धा आधी खलाशी म्हणून जाळं ओढतो, मग केव्हातरी त्याच्या शब्दावर होडी परत फिरते.

परत फिरणं हा तर या पेशातला सगळ्यात अवघड निर्णय. किनाऱ्यावरून जीव वाचवायला निघणाऱ्या अमेरिकन बोटवाल्यांमध्ये एक जुनी म्हण होती. जायलाच हवं, परत यायलाच हवं असं नाही. ऐकायला रोमांचक, आणि कित्येकदा खरीही ठरलेली. १८ फेब्रुवारी १९५२ रोजी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर भर वादळात 'पेंडल्टन' हे तेलवाहू जहाज दोन तुकडे होऊन पडलं, तेव्हा बर्नार्ड वेबर हा तरुण तीन सोबत्यांना घेऊन ३६ फुटी लाकडी होडीतून गेला आणि ३२ जणांना जिवंत घेऊन आला. होडीवरचा होकायंत्रदेखील लाटांनी वाहून नेला होता. २०१६ साली या प्रसंगावर हॉलिवूडचा चित्रपटही निघाला.

पण १२ फेब्रुवारी १९९७ च्या रात्रीवर चित्रपट निघाला नाही. वॉशिंग्टन राज्यातल्या क्विलायूट नदीच्या मुखाजवळ एक शिडाची नौका संकटात सापडली. तिच्यावर दोघंजण. तिच्या मदतीला ४४ फुटी जीवरक्षक बोट निघाली, बोटीवर चौघे. काळोख, खवळलेला समुद्र, नदीच्या मुखाशी फुटणाऱ्या लाटा. बोट उलटली. तिघे गेले, एक वाचला. ज्यांच्यासाठी हे चौघे निघाले होते, त्या नौकेवरच्या दोघांना शेवटी कोस्ट गार्डच्या हेलिकॉप्टरनं उचललं. धैर्यात कमी कुणीच नव्हतं. पण निघण्यापूर्वी दोन मिनिटं थांबून विचार करायची सवय कुणी लावायची?

कोस्ट गार्डनं त्यासाठी एक साधा हिशेब रूढ केला. निघण्यापूर्वी सहा गोष्टींना शून्य ते दहा गुण द्यायचे. देखरेख कशी आहे, तयारी किती झाली, माणसं कोणती निवडली, ती ताजीतवानी आहेत का, हवा-पाणी कसं आहे आणि काम किती गुंतागुंतीचं आहे. बेरीज २३ पर्यंत आली तर हिरवा दिवा, ४४ पर्यंत पिवळा, त्यापुढे ६० पर्यंत लाल. चौकातल्या सिग्नलसारखं. यात खरी मेख बेरजेत नाही. प्रत्येकानं आपापले गुण द्यायचे असतात. कॅप्टननं 'माणसं ताजीतवानी' या सदरात दोन दिले आणि इंजिनपाशी बसणाऱ्यानं आठ दिले, तर कॅप्टनला विचारावंच लागतं, 'का रे बाबा?' मग कळतं, की पठ्ठ्या अठरा तास जागा आहे. जे तोंडानं सांगायला संकोच वाटतो, ते आकड्यानं सांगता येतं.

अर्थात बेरीज लाल आली तरी कधी कधी जावं लागतं. तो निर्णय कॅप्टनचाच. पण मग तो डोळे उघडे ठेवून घेतलेला असतो.

हे शिक्षण मुरलं की काय होतं, ते ऑगस्ट २००५ च्या अखेरीस कतरिना वादळात दिसलं. न्यू ऑर्लिन्स शहर पाण्याखाली गेलं, फोन बंद पडले. कोण कुणाला विचारणार? बाकीच्या सरकारी यंत्रणा एकमेकींच्या पत्रांची वाट बघत राहिल्या म्हणून तिकडच्या वर्तमानपत्रांनी त्यांना धारेवर धरलं. कोस्ट गार्डचे स्थानिक अधिकारी मात्र थांबले नाहीत. वेगवेगळ्या तळांवरून आलेले, एकमेकांना आयुष्यात प्रथमच भेटलेले वैमानिक आणि जीवरक्षक एकाच हेलिकॉप्टरमध्ये बसले आणि कामाला लागले. सगळ्यांचं शिक्षण एकसारखं, त्यामुळे ओळख करून घेण्यात वेळ गेला नाही. छपरांवरून, माळ्यांवरून, इस्पितळांमधून ३३ हजारांहून अधिक लोकांना त्यांनी बाहेर काढलं. पुढे संपूर्ण मदतकार्याची सूत्रंच व्हाइस अ‍ॅडमिरल थॅड अ‍ॅलन यांच्या हाती देण्यात आली.

इथवरचं वाचून कोस्ट गार्ड म्हणजे गुणांचा पुतळा असं कुणी समजू नये. १९७९ साली बेव्हर्ली केली या तरुणीकडे त्यांनी गस्ती जहाजाची सूत्रं दिली. अमेरिकेच्या सैनिकी जहाजाची कॅप्टन झालेली ती पहिली स्त्री. कौतुकाचीच गोष्ट. पण त्याच अकादमीत १९८८ ते २००६ या काळात झालेल्या लैंगिक अत्याचारांच्या तक्रारींची चौकशी दलानं केली, तिचा अहवाल तयार झाला आणि वरिष्ठांनी तो अमेरिकन संसदेपासून दडवून ठेवला. २०२३ साली पत्रकारांनी ते उघडकीला आणलं, तेव्हा दलप्रमुखांना माफी मागावी लागली. खवळलेल्या समुद्रात होडी घालणाऱ्यांच्या या दलात टेबलामागे बसलेल्यांना मात्र एक कागद पुढे करायचं धाडस झालं नाही. २८ क्षमतांची यादी त्याही टेबलावर असणारच.

आपलं भारतीय तटरक्षक दल कायाहोगा बुडाली तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचं होतं. १९ ऑगस्ट १९७८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी त्याचं रीतसर उद्‌घाटन केलं. नौदलाकडून मिळालेल्या दोन जुन्या फ्रिगेट आणि पाच गस्ती बोटी एवढाच संसार. आज दीडशेहून अधिक जहाजं आहेत आणि प्रत्येक जहाजावर कुणीतरी कॅप्टन आहे. मे २०२५ मध्ये कोचीजवळ 'एमएससी एल्सा ३' हे कंटेनरवाहू जहाज कलंडलं, तेव्हा त्यावरच्या २४ जणांपैकी २१ जणांना तटरक्षक दलानं आणि उरलेल्या तिघांना नौदलाच्या 'सुजाता'नं वाचवलं. कलंडलेल्या जहाजाच्या किती जवळ जायचं, पाण्यात तरंगणाऱ्या कंटेनरांतून आपलं जहाज कसं न्यायचं, हे असे निर्णय फोनवर दिल्लीला विचारून घेता येत नाहीत.

कॅप्टनही माणूस आहे, त्याला झोप लागते. रात्री तो खाली जातो तेव्हा जहाज विशी-पंचविशीतल्या अधिकाऱ्याच्या हाती असतं. म्हणून प्रत्येक कॅप्टन जहाजाचा ताबा घेताना कायमस्वरूपी आज्ञा लिहून ठेवतो आणि शिवाय रोज रात्रीसाठी वेगळ्या सूचना लिहून त्याखाली सही करतो. दुसरं जहाज इतक्या अंतराच्या आत आलं तर मला उठवा, हवा बदलली तर उठवा, आणि शेवटी ठरलेली ओळ. मनात शंका आली तर उठवा.

रात्री अडीच वाजता धाकटा अधिकारी अंधाराकडे बघत उभा असतो. दूरवर दिवे दिसतात. दोन की तीन, ते नीट कळत नाही. फोनवर हात जातो, थबकतो. एवढ्यासाठी साहेबांना उठवायचं? शेवटी तो फोन उचलतो. कॅप्टन डोळे चोळत वर येतो, दुर्बीण डोळ्यांना लावतो, रडार बघतो. मासेमारीची बोट असते, आपल्या वाटेनं निघून जाते. 'बरं केलंस उठवलंस,' असं म्हणून कॅप्टन शिडी उतरतो आणि पुन्हा जाऊन झोपतो.